ऑफिसच्या खिडकीतल्या मॅडम

"मी शिकवत नाही, तरी शाळेतलं सगळं माझ्याच डोक्यावर. पालक ओरडतात, शिक्षक रुसतात, संस्थेचे लोक जाब विचारतात. नोकरी सोडू का?" शाळांच्या ऑफिसात काम करणाऱ्या कितीतरी जणींनी समुपदेशनाला येऊन हा प्रश्न माझ्यापुढे ठेवलाय. दरवेळी मला त्या एका बाई आठवतात. त्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून लिहितेय.

पहिल्यांदा आल्या तेव्हा स्कार्फ, सनकोट, गॉगल असा दुचाकीवरचा पुणेरी बंदोबस्त. धायरीहून बाणेरला रोज जा-ये. गॉगल आल्या आल्या काढला, स्कार्फ मात्र दहा मिनिटं सोडला नाही. मोबाईल टेबलावर उपडा ठेवलेला. तो थरथरला की त्या दचकायच्या, न बघता पुन्हा बोलायला लागायच्या.

वय ४२, बी.कॉम., आधी एका कंपनीत अकाउंट्सला. मुलांच्या वेळा जुळतील म्हणून सहा वर्षांपूर्वी एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत ॲडमिन मॅनेजर झाल्या. वेळा कसल्या जुळतात! सकाळी पावणेसातला बसचा ड्रायव्हर फोन करतो की आज अटेंडंट मावशी आल्या नाहीत. मग पाण्याचा टँकर. मग शाळांची माहिती भरायच्या सरकारी यू-डायस पोर्टलवर एका मुलीचं नाव आधारशी जुळत नाही, कारण आधारवर 'श्रेया' आणि जनरल रजिस्टरला 'श्रीया'. रात्री साडेदहाला पालकांचा मेसेज : उद्या पीटीचा ड्रेस घालायचा का?

"आणि शिक्षक दिनाला," त्या म्हणाल्या, "मंडईतून गुलाब मीच मागवते. मोजून घेते, बिल मीच पास करते. स्टेजवर सगळ्यांना देतात. मी मागे माइकची वायर धरून उभी." हे सांगताना हसल्या. हसू खरं नव्हतं.

झोप लागत नव्हती, छातीत धडधडायचं, ॲसिडिटी. आधी फिजिशियनकडे पाठवलं. बीपी आणि थायरॉइड तपासल्याशिवाय धडधडीला मनाचा खेळ म्हणायचं नाही, हा माझा नियम आहे. रिपोर्ट ठीक आले. रात्री फारच घाबरं झालं तर असावा म्हणून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही दिला.

मग मी चुकले. हा सरळसरळ बर्नआउट आहे असं धरून चालले. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटचं जे वर्णन केलं ते त्यांना चपखल बसत होतं : थकवा, कामाचा तिटकारा, आपल्याकडून काही धड होत नाही ही भावना. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या जागी साचलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. मी रजा सुचवली, श्वसनाचे व्यायाम दिले, रात्री फोन बंद ठेवायला सांगितलं. दोन भेटी त्यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "मॅडम, चार दिवस कोकणात जाऊन आले. समुद्रावर बसले तरी तो मुलगाच दिसत होता."

कोणता मुलगा?

सहावीतला. वडिलांची नोकरी गेली होती, दोन सत्रांची फी थकलेली. त्याला घराजवळच्या अनुदानित शाळेत घालायचं ठरलं होतं आणि त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला (एल.सी.) हवा होता. ट्रस्टी म्हणाले, फी आल्याशिवाय एल.सी. द्यायची नाही. वडील तीन वेळा खिडकीशी आले. तिन्ही वेळा बाईंनी सांगितलं, "सर बाहेर गेलेत, सही राहिलीये." तिसऱ्या वेळी मुलगा बरोबर होता. खिडकीच्या कट्ट्याला हनुवटी टेकवून आत बघत होता. टेबलावर त्याचीच फाईल, वर त्याचं नाव स्केचपेननं लिहिलेलं. बाईंनी तिच्यावर हजेरीपट सरकवला. त्यानं ते पाहिलं.

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी स्कार्फची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

कामाचा डोंगर होताच, पण झोप त्या डोंगरानं उडवली नव्हती. दुसऱ्याचा निर्णय त्या स्वतःचा असल्यासारखा वाहत होत्या, वर त्यासाठी खोटं बोलत होत्या. रजा घेऊन यातलं काय सुटणार होतं?

पुढच्या भेटीपर्यंत एक वही करा म्हटलं. मनाला लागलेली प्रत्येक गोष्ट तीन रकान्यांत : निर्णय माझा, निर्णय दुसऱ्याचा पण सांगायचा मी, आणि कुणाचाच नाही म्हणून माझ्याकडे आलेला. त्यांनी चक्क आवक-जावक रजिस्टरसारखी आखून आणली, अनुक्रमांक टाकून. (हिशेबी माणसाला भावना लिहायला सांगू नये, रकाने द्यावेत. मन आपोआप उतरतं.) मधला रकाना पानंच्या पानं भरलेला. फी का वाढली म्हणून पालक त्यांना बोलतात. २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव व्यवस्थापन देतं आणि तो पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो. शिक्षणहक्क कायद्यातल्या (आरटीई) २५ टक्के राखीव जागांत नंबर का लागला नाही म्हणून रडतात. ती सोडत सरकारी पातळीवर ऑनलाइन निघते. यांच्या हातात काय? खिडकी.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मी वापरते. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की घटनेइतकाच आपला त्या घटनेवरचा हट्टी समज आपल्याला छळतो. बाईंचा समज होता : "खिडकीतून माणूस नाराज होऊन गेला, म्हणजे मी कुचकामी." मी विचारलं, नाराज होऊ नये असं वाटणं वेगळं आणि होताच कामा नये हे वेगळं, नाही का? त्या गप्प. मग म्हणाल्या, "सासरीही हेच करते मी." ते दार त्या दिवशी उघडलं नाही. एका वेळी एक खिडकी पुरे.

दाखल्याचं मात्र करायला हवं होतं. शिक्षणहक्क कायदा, २००९, कलम ५ त्यांना ठाऊक होतं, माझ्यापेक्षा नीट. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेलाही प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. ठाऊक होतं, पण "मी कोण सांगणार?" म्हणून तोंड मिटलेलं.

आम्ही तालीम केली. मी वडील झाले, टेबल खिडकी झालं. पहिल्यांदा सवयीनं "सर बाहेर..." आलंच. पाचव्या वेळी त्या म्हणाल्या, "दाखला थांबवण्याचा निर्णय माझा नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या. मी आवक नंबर टाकून पोच देते आणि आजच मुख्याध्यापकांसमोर ठेवते." आवाज कापत होता, वाक्य नव्हतं.

खरा अर्ज आला तेव्हा त्यांनी पोच दिली. फाईलवर कलमाचा उल्लेख करून चार ओळींची टिपणी लिहिली. मुख्याध्यापक चिडले, "हे लेखी कशाला?" फाईल चार दिवस पडून राहिली. पाचव्या दिवशी सही झाली. थकलेल्या फीसाठी वडिलांना वेगळं पत्र गेलं. ट्रस्टी महिनाभर बाईंशी तुटक वागले आणि त्या वर्षीची पगारवाढही लांबली. हे मी मुद्दाम लिहितेय. खरं बोललं की सगळे टाळ्या वाजवतात असं मी कुठल्याही क्लायंटला सांगत नाही.

झोप एका रात्रीत परतली नाही. दीड-दोन महिने लागले. रात्री आठनंतरच्या मेसेजना सकाळी उत्तर मिळेल, अशी सूचना त्यांनी पालकांच्या ग्रुपवर मुख्याध्यापकांच्या नावानं टाकून घेतली. स्वतःच्या नावानं नाही. ही हुशारी त्यांची, माझी नव्हे.

नोकरी सोडू का, या प्रश्नाला मी कधीच हो किंवा नाही म्हटलं नाही. ज्या तुम्ही हे वाचताय, तुम्हालाही म्हणणार नाही. आधी वही करा. मधला रकाना भरला असेल तर बोलायचं कसं ते शिकता येतं. तिसरा भरला असेल तर कामाची लेखी वाटणी मागावी लागते. आणि मधल्या रकान्यात रोज बेकायदा गोष्टीच येत असतील, तर मात्र दुसरीकडे अर्ज करायला लागा.

त्यांनी या मार्चमध्ये केला, वारज्याच्या एका शाळेत. मुलाखतीत शेवटी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? बाई म्हणाल्या, "दाखला आणि फीची सवलत, यावर अंतिम निर्णय कोणाचा, हे नेमणुकीच्या पत्रात लिहून मिळेल का?" समोरचे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. "कळवतो," म्हणाले. अजून कळवलेलं नाही. बाईंनी मात्र वहीत पहिल्या रकान्यात नोंद केलीय, अनुक्रमांकासकट.