एचआयव्हीच्या गोळ्या चुकवणाऱ्या भावाला कसं समजवावं?

तुम्ही लिहिलंय की सात महिन्यांत धाकट्या भावाचं वजन वाढलं, ताप गेला, आणि आता ‘मी बरा झालोय’ म्हणत तो गोळ्या चुकवतोय. मी सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, समुपदेशक आहे. हे वाक्य आम्हाला सतत ऐकू येतं.

आधी एक विनंती, त्याच्यावर रागावू नका. रागावलं की माणूस खोटं बोलायला लागतो. आमच्याकडे एक जण दर महिन्याला रिकामी बाटली दाखवायचा. ‘एकपण चुकली नाही, मॅडम.’ व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, मात्र वाढलेला आला. दार लावून निवांत बसलो तेव्हा तो रडत बोलला. बाटली पिशवीत खुळखुळते, खोलीवरची पोरं विचारतात, म्हणून रात्रपाळीला ती न्यायचाच नाही. उरलेल्या गोळ्या केंद्रावर यायच्या आदल्या दिवशी फेकून द्यायचा. आम्ही बाटलीत कापसाचा बोळा घातला आणि गोळीची वेळ पाळीवरून आल्यावर, सकाळच्या चहाबरोबरची ठरवली. एवढ्यावरच अडलं होतं हो त्याचं!

तेव्हा भावाला ‘का घेत नाहीस’ असं विचारण्यापेक्षा ‘कुठे अडतं’ ते विचारा. मग शांतपणे सांगा, की गोळी विषाणूला दाबून ठेवते, संपवत नाही. थांबवली की तो पुन्हा वाढतो. अधूनमधून घेतली तर औषधाला सरावतो, आणि मग तेच औषध लागू पडत नाही. रोज घेऊन व्हायरल लोड तपासणीत न सापडण्याइतका खाली टिकला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. लग्नाचा विचार मनात असलेल्या तरुणांना ही गोष्ट फार धीर देते, माझा अनुभव आहे.

टीएलडीची (तीन औषधं एकत्र असलेली) रोजची एकच गोळी असेल आणि चुकली, तर आठवेल तेव्हा घ्यावी. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी उरले असतील तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. ॲसिडिटीचं औषध, लोह किंवा कॅल्शियम चालू असेल तर केंद्रावर सांगा, वेळेचं अंतर ठेवावं लागतं. टीबीची औषधं सुरू झाली तर लगेच कळवा, डोस बदलतो.

नाव फुटेल ही भीती असेल, तर २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे, त्यात दिलेले मोजके अपवाद सोडले, तर त्याच्या संमतीशिवाय आम्ही कुणाला सांगू शकत नाही. आधी फोनवर बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

या आठवड्यातच त्याला घेऊन केंद्रावर जा. उरलेल्या गोळ्या बाटलीसकट न्या. त्या मोजल्या की किती दिवस चुकले ते कळेल, आणि व्हायरल लोड कधी करायचा तेही तिथेच ठरेल.