खिडकीतली रोपे लुकडी का होतात?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मार्चमध्ये खिडकीत मिरची, टोमॅटो आणि कोथिंबीर पेरली. रोपे उगवली, पण दोऱ्यासारखी लांबून आडवी पडली. काय चुकले असावे?

उत्तर : बियाणे चांगलेच आहे, कमी पडला तो उजेड. मार्चमधले खिडकीतले ऊन पुरत नाही, म्हणून रोपे उजेडाच्या ओढीने उंच होतात आणि त्यांचे देठ लुकडे राहतात. शेंड्यांपासून चार बोटे उंचीवर साधा एलईडी दिवा रोज 14 ते 16 तास लावावा आणि रोपे वाढतील तसा तो वर सरकवावा. देठ मातीलगत काळपट, चिमटल्यासारखा दिसत असेल, तर मात्र तो बुरशीमुळे होणारा मर रोग असतो. अशी रोपे काढून टाकावीत आणि माती वरून सुकल्यावरच, तेही ट्रेमध्ये खालून, पाणी द्यावे.

लांबलेला टोमॅटो टाकून देऊ नका. वरची पाने तेवढी बाहेर ठेवून तो खोल लावला, तर मातीतल्या देठालाच मुळे फुटतात. मिरचीला उगवायला 25 ते 30 अंश सेल्सिअसची ऊब हवी, म्हणून ती घरातच, शेवटच्या फ्रॉस्टच्या (वसंतातल्या शेवटच्या गोठवणाऱ्या थंडीच्या) आठ आठवडे आधी पेरावी. टोमॅटोला सहा आठवडे पुरतात. कोथिंबिरीला मुळे हलवलेली मानवत नाहीत, तेव्हा धणे हलके रगडून, त्यांची दोन दले करून थेट वाफ्यातच पेरावेत.

बाहेर लावण्यापूर्वी आठ-दहा दिवस रोपांना सावलीपासून उन्हाची हळूहळू सवय करावी.