फेनिटॉइन ३०० वरून ४०० केलं, कंपनीही बदलली, आणि वडिलांचा तोल जायला लागला. औषध तर तेच आहे ना?

तुमच्या प्रश्नात दोन बदल एकाच आठवड्यात झालेत. आकडी आली म्हणून डॉक्टरांनी फेनिटॉइनचा, म्हणजे आकडीवरच्या औषधाचा, रोजचा डोस ३०० मिलीग्रॅमवरून ४०० केला, आणि केमिस्टने दुसऱ्या कंपनीची स्ट्रिप दिली. वडिलांचं वजन ६० किलो, दुसरं औषध चालू नाही, आणि आता ते झोकांड्या खातात. केमिस्टचं म्हणणं, "घटक तोच, फरक पडत नाही." हे वाक्य पॅरासिटामॉलला चालतं. फेनिटॉइनला नाही, आणि ते छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

आधी डोस. फेनिटॉइन मोडतं ते मुख्यतः यकृतातलं सीवायपी२सी९ हे एन्झाइम, थोडं २सी१९. गोम अशी की उपचाराला लागणाऱ्या रक्तातल्या पातळीवरच हे एन्झाइम भरत आलेलं असतं. त्यामुळे डोस थोडा वाढवला तरी पातळी उडी मारते. सरासरी माणूस दिवसाला किलोमागे जास्तीत जास्त ७ मिलीग्रॅम मोडतो, म्हणजे ६० किलोला ४२०. गोळीत असतं ते फेनिटॉइन सोडियम, त्यातलं खरं फेनिटॉइन ९२ टक्के. म्हणून ३०० म्हणजे २७६. एन्झाइम निम्म्या वेगाने काम करतं ती पातळी ४ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर धरली तर ३०० वर स्थिर पातळी येते ७.७ च्या आसपास, ३५० वर १३, आणि ४०० वर २८. हवी असते १० ते २०. पहिल्या ५० ने पातळी साडेपाचने वाढली, पुढच्या ५० ने पंधराने. ४५० वर गेलात तर शरीर रोजचा डोस जेमतेम संपवतं आणि पातळी चढतच राहते.

आता वेळ. याच हिशेबाने ३०० वर पातळी पाच-सहा दिवसांत जवळपास स्थिर होते, ४०० वर पाच आठवडे लागतात. म्हणून डोस वाढवल्यावर सातव्या दिवशी केलेली लेव्हल, म्हणजे रक्तातल्या पातळीची तपासणी, "नॉर्मल" आली की घरचे निश्चिंत होतात, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणूस भिंत धरून चालतो. पातळी २० च्या वर गेली की आधी डोळ्यांची बुबुळं थरथरतात, ३० च्या आसपास तोल जातो, ४० च्या पुढे गुंगी आणि गोंधळ. क्रम साधारण हा, माणसागणिक आकडे पुढेमागे. "अर्धी गोळी वाढवू, काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा कागदावर मांडावेत. ३०० च्या वर ५०-५० चे, कधी २५-३० चे टप्पे घ्यायचे असतात, १०० चे नाहीत.

आता कंपनी. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये १९६८ च्या सुमारास फेनिटॉइनवरचे बरेच रुग्ण अचानक तोल जाण्याच्या तक्रारी घेऊन आले. डोस बदललेला नव्हता, कॅप्सूलमधलं औषधही तेवढंच होतं. बदलला होता फक्त भरावा, म्हणजे कॅप्सूल भरायला औषधासोबत घातलेली पूड: कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज. कॅल्शियम सल्फेटसोबत औषधाचा काही भाग आतड्यातून शोषलाच जात नव्हता; लॅक्टोज आल्यावर तो शोषला जाऊ लागला आणि रक्तातली पातळी कितीतरी वर गेली. लेबलवर १०० मिलीग्रॅम, आधीही आणि नंतरही. आज शोषणाची चाचणी झाल्याशिवाय फेनिटॉइनच्या नव्या जेनेरिकला परवानगी मिळत नाही, त्यामुळे एवढी तफावत अपेक्षित नाही. पण वरच्या हिशेबात एक आकडा बदलून पाहा: ३५० च्या डोसवर शोषण फक्त १० टक्क्यांनी वाढलं, तर १३ ची पातळी २१ होते. केमिस्टचं "फरक पडत नाही" इथे पडतं.

याचा अर्थ महाग ब्रँडच चांगला असा मुळीच नाही. जनऔषधीची गोळी घ्या, खुशाल घ्या, पण मग दर महिन्याला तीच घ्या. लेव्हेटिरासिटॅम या आकडीवरच्याच दुसऱ्या औषधावर असता तर कंपनीवरून मी एवढी किरकिर केली नसती. ते यकृताच्या एन्झाइमवर जवळपास अवलंबून नाही, मूत्रपिंडातून जातं, डोस दुप्पट तर पातळी दुप्पट.

तुमच्या बाबतीत दोष डोसचा की कंपनीचा हे घरबसल्या सांगता येणार नाही, आणि दोन्ही एकदमच बदललेत. माझा पहिला संशय डोसवर. डॉक्टरांना आजच फोन करा, आणि सकाळच्या डोसआधी फेनिटॉइन लेव्हल, सोबत अल्ब्युमिन आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन; ते विसरू नका, कारण औषध ९० टक्के त्यालाच चिकटलेलं असतं आणि काम करतो तो सुटा भाग. अल्ब्युमिन २ (ग्रॅम प्रति डेसिलीटर) असताना लेव्हल ८ आली, तर ०.२ गुणिले २ अधिक ०.१ म्हणजे ०.५ ने भागा. खरी किंमत १६. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, एकदम बंद केल्या तर न थांबणारी आकडी येऊ शकते. ते गुंगीत असतील किंवा पडले असतील तर फोन नको, थेट दवाखाना.

हे आकडे सरासरी माणसाचे आहेत. सीवायपी२सी९ जन्मतःच मंद असेल तर ३०० सुद्धा जास्त होतं. टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड आणि बुरशीवरचं फ्लुकोनाझोल पातळी वाढवतात, टीबीचंच रिफाम्पिसिन कमी करतं. वॅल्प्रोएट हे आकडीवरचं आणखी एक औषध अल्ब्युमिनला चिकटलेलं फेनिटॉइन सोडवतं, त्यामुळे लेव्हल कमी दिसूनही माणूस झोकांड्या खातो. आणि "दुसरं औषध नाही" असं लिहिलंत, त्यात स्मरणशक्तीचं सिरप मोजलंय का? मुंबईच्या औषधशास्त्रज्ञांनी १९९२ साली शंखपुष्पीच्या सिरपबद्दल लिहिलं होतं: ते घेणाऱ्या दोन रुग्णांची आकडी फेनिटॉइन चालू असूनही आटोक्याबाहेर गेली, आणि उंदरांवरच्या प्रयोगात रक्तातली पातळी खरंच घसरली. वडिलांना आधी आकडी का आली, हे शोधताना तेही विचारा. सिरप सापडलं तर डॉक्टरांना न सांगता ते थांबवू नका. ४०० चा डोस चालू असताना ते बंद केलं तर पातळी आणखी चढेल.