व्होडका कशी बनते, आणि महागडी घेण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न असा आहे की व्होडका नेमकी बनते कशी, आणि दुकानात हजाराच्या बाटलीशेजारी चार हजारांची उभी असते तेव्हा फरक दारूत असतो की काचेत. मी आठ-नऊ वर्षं आधी गोव्यात आणि मग मालवणकडे बारच्या काउंटरमागे काढली. शिवाय मामाची पेडण्याकडे काजूची भाटी, म्हणजे दारू गाळायची भट्टी, आहे. व्होडका मला कळली ती त्या भाटीमुळेच, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

काजूचे बोंडू चेचून रस काढतात आणि तो पिंपात दोन-तीन दिवस ठेवतात. यीस्ट वगैरे काही घालावं लागत नाही, हवेतलं आणि फळावरचंच कामाला लागतं. पिंपाला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते, आणि वास तर असा की शर्ट दोनदा धुतला तरी जात नाही. मग तो आंबलेला रस तांब्याच्या भाणात, म्हणजे दारू गाळायच्या भांड्यात, घालून खाली लाकडं पेटवायची. वाफ नळीतून पाण्याच्या टाकीत जाते, थंड होते आणि पलीकडे थेंब पडायला लागतात. पहिल्या खेपेला हुर्राक निघतो, तो हलका असतो. तोच पुन्हा चढवला की फेणी. या सगळ्यात मामाची धडपड एकच असते: काजूचा वास टिकला पाहिजे. त्या वासावरच तर गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

व्होडकावाल्याची धडपड बरोबर याच्या उलट. मूळ माल कुठला होता हे ग्लासात कळूच नये, म्हणून त्याचा सगळा कारखाना चालतो.

माल काहीही चालतो. गहू, राई (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य), मका, बटाटा, तांदळाची कणी, उसाची मळी, अगदी द्राक्षंसुद्धा. धान्य किंवा बटाटा असेल तर आधी शिजवून, एन्झाइम घालून स्टार्चची साखर करावी लागते. मळीत साखर तयारच असते, म्हणून ती स्वस्त पडते. पुढे यीस्ट, दोन-तीन दिवस आंबवणं, आणि हाती येतो साधारण बिअरच्या ताकदीचा किंवा त्याहून थोडा कडक द्रव.

खरा फरक इथून पुढे. भाटीत भांडं एक आणि खेपा दोन. व्होडकाला उंच कॉलम लागतो, आत एकावर एक चाळण्यांसारखी ताटं. खालून वाफ चढते, वरून द्रव उतरतो आणि प्रत्येक ताटावर वाफ पुन्हा थोडी शुद्ध होते. म्हणजे एका कॉलममध्ये मामाच्या कित्येक खेपा एका दमात. हे तंत्र धंद्यात रुळलं ते एनियस कॉफी या आयरिश माणसाने १८३० साली पेटंट घेतल्यावर. शेवटी जे निघतं त्यात ९६ टक्के अल्कोहोल असतं. आपल्याकडे त्याला ईएनए, म्हणजे एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल म्हणतात. ते पाण्याने उतरवायचं, कोळशातून गाळायचं, बाटलीत भरायचं. लाकडाच्या पिंपात मुरवणं वगैरे भानगड नाही.

उतरवायचं म्हणजे किती? भारतीय बाटलीवर बहुतेक ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. एक लिटर ईएनएची सव्वादोन लिटर व्होडका होते. अर्ध्याहून जास्त बाटली पाणीच, म्हणून पाणी नीट शुद्ध केलेलं नसेल तर आधीची सगळी मेहनत वाया. व्होडका या शब्दाच्या मुळाशीही पाणीच आहे, रशियनमध्ये ‘वोदा’ म्हणजे पाणी. ४० टक्क्यांचं प्रमाण मेंडेलेयेव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने ठरवलं अशी एक गोष्ट बारमध्ये हमखास ऐकवली जाते. १८६५ चा त्याचा प्रबंध अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणावर होता हे खरं, पण व्होडकाची ताकद काही त्याने ठरवली नाही.

आपल्यात ‘पहिल्या धारेची’ म्हणजे लय भारी. व्होडकाच्या कारखान्यात ही पहिली धार बाजूला काढतात, कारण नेलपॉलिशसारखा वास देणारी हलकी द्रव्यं तिच्यात जास्त असतात. शेवटची जड, तेलकट धारही काढतात. घेतात ते मधलं. इथे एक गैरसमज मोडायला हवा: पहिली धार फेकली की विषारी मिथेनॉल गेलं असं बरेच जण समजतात. साध्या भांड्यात ते इतकं शहाण्यासारखं वागत नाही, पुढेही येत राहतं. कारखान्यात त्यासाठी वेगळा कॉलम असतो. शिवाय मिथेनॉल वासावरून ओळखता येत नाही. २०१५ साली मुंबईत, मालाडच्या मालवणीत, शंभराहून जास्त माणसं त्यानेच गेली. तेव्हा यूट्यूब बघून घरी प्रयोग करायचा विचार असेल तर सोडा. तो गुन्हा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

आता किंमत. एकदा मामाला पोलंडची राईची व्होडका नेऊन दिली. त्याने हुंगली, घोट घेतला, बाटली उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, “ह्येका वास नाय, चव नाय. मगे पैशे कसले घेतत?”

मला अजून याहून चांगला प्रश्न सापडलेला नाही. फरक असतो, पण फार बारीक. राईची जराशी मिरमिरीत लागते, गव्हाची मऊ, मक्याची किंचित गोडसर, बटाट्याची जिभेवर जाड. ॲबसोल्यूट स्वीडनच्या गव्हाची, ग्रे गूस फ्रान्सच्या गव्हाची, सिरॉक द्राक्षांची. हे सगळं नुसती प्यायलात तरच कळणार. कोकम, सोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातलीत की पोलंड काय आणि पेण काय.

याचा पुरावा मी नको तिथे पाहिलाय. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मालक रात्री नरसाळं घेऊन परदेशी व्होडकाच्या रिकाम्या बाटल्यांत स्वस्तातली देशी भरायचा. अख्ख्या सीझनमध्ये एकाही टेबलाने तक्रार केली नाही. फक्त एकदा एका रशियन बाईंनी बर्फ नको म्हणून सांगितलं, चार थेंब तळहातावर घेतले, हात चोळून नाकाशी नेले, आणि काही न बोलता ग्लास परत सरकवून सीलबंद बिअर मागवली. महिन्याभरात मी ती नोकरी सोडली, पण त्या बाईंची हुंगायची युक्ती ठेवून घेतली.

तर निवडायची अशी. व्होडकात गुण शोधू नका, दोष शोधा. थंड करू नका, कारण फ्रीजरमध्ये कुठलीही व्होडका दाट आणि सभ्य होते. साध्या तापमानाला थोडी घ्या, तेवढंच पाणी घाला, हुंगा. नाकात इंजेक्शनआधीच्या स्पिरिटसारखी चढली, तर बाजूला ठेवा. मळीचा उग्र वास पाणी घातल्यावर जास्त उघडा पडतो. घोट गिळल्यावर गरम वाटणं ठीक, घसा खरवडणं नाही. ओठांवर चिकट गोडवा राहिला तर साखर किंवा ग्लिसरीनने दोष झाकलाय असं समजा. हाच संशय मला फ्लेवरवाल्या स्वस्त बाटल्यांबद्दल असतो.

लेबलवर ‘ग्रेन’ हा शब्द बघा. त्याने स्वर्ग मिळत नाही, पण आपल्या बाजारात मळीवाल्यापेक्षा धान्याची सहसा स्वच्छ निघते. ‘पाच वेळा डिस्टिल्ड’, ‘दहा वेळा फिल्टर्ड’ वाचून भुलू नका. इतकी ताटं असलेल्या कॉलममध्ये ‘एक वेळ’ म्हणजे काय, हे ज्याने त्याने आपल्या सोयीने मोजायचं. सरबतात घालायची असेल तर धान्याची साधी देशी पुरे. नुसती प्यायची असेल तर एकदा राईची किंवा बटाट्याची घेऊन बघा. त्याच्या वरचे पैसे मी तरी देत नाही.

आणि स्वस्त मिळते म्हणून गोव्यातून आणणार असाल, तर बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे. परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, ‘एकच बाटली’ हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. महाराष्ट्रात व्होडकासाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात, गोव्यात एकवीस. पाहुणे दरवर्षी हे नाक्यावरच शिकतात, आणि मग रात्री अकराला मला फोन येतो.