प्लॅबसाठी निवृत्तीची ठेव मोडावी का?

प्रश्न: मुलीचं एमबीबीएस आणि वर्षभराची इंटर्नशिप झाली आहे. तिला ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून जायचंय. माझी निवृत्तीची ठेव मोडून सगळा खर्च करू, की कर्ज काढू?

उत्तर: ठेव एकदम मोडू नका आणि कर्ज तर नकोच. प्लॅब म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करण्याआधी द्यावी लागणारी दोन भागांची परीक्षा. तिच्या पहिल्या भागाची फी पावणेतीनशे पौंडांच्या आसपास आहे, दुसऱ्याची हजाराच्या घरात. एवढ्याने कुणी बुडत नाही. लोक अडकतात ते पास झाल्यावर, नोकरीची वाट बघत तिकडेच राहिल्याने. भाडं पौंडांत, कमाई शून्य, आणि व्हिजिटर व्हिसावर पगारी काम करता येत नाही. त्यात कर्ज असेल तर व्याज थांबत नाही.

इंग्लंडात २०२५-२६ मध्ये फाउंडेशनच्या, म्हणजे नव्या डॉक्टरांच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाचा मूळ पगार ४४,४३९ पौंड होता. एवढ्या पगारात हा खर्च सहज भरून निघतो, पण नोकरी लागली तर. स्पेशालिटी ट्रेनिंगच्या, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टर होण्याच्या, जागांसाठी चढाओढ खूप वाढली आहे आणि तिथे ब्रिटिश पदवीधरांना प्राधान्य द्यायचं धोरण सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे पास म्हणजे पगार, असं गृहीत धरून हिशेब मांडू नका.

पैसे टप्प्याटप्प्याने सोडा. आधी इंग्रजी: आयईएल्टीएस अकॅडमिकमध्ये सरासरी ७.५ आणि चारही भागांत किमान ७, तेही एकाच बैठकीत. लेखनात साडेसहा आले की पुन्हा फी. त्याऐवजी ओईटी ही आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा दिली तर चारही भागांत बी ग्रेड. मग पहिला भाग, १८० प्रश्न, तीन तास. तो भारतातच देता येतो. इथवर तिने इथली नोकरी सोडायचं काहीच कारण नाही.

दुसरा भाग फक्त मँचेस्टरला होतो, आणि पहिला पास झाल्यापासून दोन वर्षांत काढावा लागतो. यासाठी फी, व्हिसा, तिकीट आणि मोजके आठवडे राहण्याचे पैसे एवढंच द्या. परीक्षा झाली की तिने परत येऊन कामावर रुजू व्हावं. ब्रिटनच्या मेडिकल कौन्सिलकडे रजिस्ट्रेशनचा अर्ज मंजूर करून घ्यायला पुढे दोन वर्षं मिळतात, आणि रिकामं बसून सीव्हीत पडलेला खंड निवड करणाऱ्यांच्या नजरेत आधी भरतो. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, म्हणजे डॉक्टर म्हणून तिच्यावर कारवाई नसल्याचा मेडिकल कौन्सिलचा दाखला, मात्र आधीच काढून ठेवू नका. ते तीनच महिने चालतं.

ऑफर आल्यावर हेल्थ अँड केअर व्हिसाला हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचं शुल्क, लागत नाही. रुग्णालयाने सुरुवातीच्या खर्चाची हमी घेतली नाही, तर १,२७० पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. पहिला पगार हाती येईपर्यंतचं भाडं आणि डिपॉझिट वेगळं धरा.

ठेवीची मुदत संपेल तेव्हा तिचे तीन भाग करून ठेवा. म्हणजे एका टप्प्यासाठी एकच भाग मोडावा लागेल आणि मुदतीआधी मोडल्याचा दंड उरलेल्या रकमेला लागणार नाही. तुमच्या घरखर्चाला लागणारी रक्कम मुलीच्या नावावर करू नका.