मुलीला पॉइंट पॅटर्नमध्ये पीएच.डी. करायची आहे: होकार देण्याआधी काय पाहावं

प्रश्न: माझी मुलगी एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. तिच्या मैत्रिणी डेटा अ‍ॅनालिस्टच्या नोकऱ्या शोधत आहेत, हिला मात्र ‘स्पेशियल पॉइंट पॅटर्न’ या विषयात संशोधन करायचं आहे. नकाशावर ठिपके काढायचे आणि त्यांचा अभ्यास करायचा, एवढंच मला समजलं. ती यासाठी योग्य आहे का, हे कसं ओळखायचं? पाच-सहा वर्षांच्या खर्चाचं काय? आणि पुढे पोटापाण्याचं काय?
– एक पालक, कराड

उत्तर:
स.न.वि.वि.

ठिपके काढणं हा या विषयातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम त्यानंतर सुरू होतं. हे ठिपके इथेच का पडले? ते घोळक्याने आहेत की एकमेकांपासून अंतर राखून? आणि निव्वळ योगायोगाने पडले असते, तरी चित्र असंच दिसलं असतं का? हा ठिपका म्हणजे जंगलातलं झाड असेल, भूकंपाचं केंद्र असेल, रुग्णाचं घर असेल किंवा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी पेशी.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातलं एक उदाहरण या विषयात नेहमी शिकवलं जातं. तिथे कचरा जाळण्याची एक जुनी भट्टी होती. तिच्या आसपास स्वरयंत्राच्या कर्करोगाचे रुग्ण जास्त आहेत का, असा प्रश्न होता. रुग्ण होते 58. त्यांची घरं नकाशावर मांडली की घोळके दिसणारच, कारण माणसंच घोळक्याने राहतात. म्हणून पीटर डिगल यांनी 1990 च्या शोधनिबंधात त्याच भागातले फुप्फुसाच्या कर्करोगाचे 978 रुग्ण तुलनेला घेतले, म्हणजे लोकवस्ती कुठे दाट आहे ते त्यांच्यावरून कळेल. भट्टीजवळ धोका वाढल्याची खूण मिळाली, पण तो निष्कर्ष भट्टीलगतच्या अगदी थोड्या रुग्णांवर टेकलेला होता. असा निष्कर्ष मांडताना किती ठाम बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवणं हेच या संशोधकाचं काम.

ती योग्य आहे का, हे गुणपत्रिकेवरून किंवा एखाद्या चाचणीवरून ठरवू नका. तिला तीन महिने द्या आणि एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायला सांगा. साधन फुकट आहे. आर या संगणकभाषेतलं ‘स्पॅटस्टॅट’ हे पॅकेज एड्रियन बॅडली आणि रॉल्फ टर्नर यांनी उभं केलं, पुढे एगे रुबाक त्यांना येऊन मिळाले. त्याच्यासोबतच सरावाची माहितीही मिळते. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर 1000 बाय 500 मीटरचा, म्हणजे 50 हेक्टरचा जंगलाचा तुकडा आखलेला आहे. त्यातल्या एकाच जातीच्या सुमारे 3600 झाडांच्या जागा ‘बेई’ या नावाने पॅकेजमध्ये आहेत, जमिनीची उंची आणि उतारही सोबत आहेत. सुरुवात इथूनच करावी. आपल्या गावची माहिती गोळा करण्याचा मोह होतो, पण पहिल्या खेपेला सीमा नक्की माहीत असलेली माहितीच हवी.

सीमेवर माझा एवढा जोर आहे, कारण नवशिक्यांचं काम बहुतेक तिथेच बिघडतं. कोणत्या क्षेत्रात ठिपके शोधले, त्याला ‘विंडो’ म्हणतात. पुष्कळ जण सगळ्यात बाहेरच्या ठिपक्यांना दोरी गुंडाळावी तशी सीमा काढतात. त्याने क्षेत्रफळ खऱ्यापेक्षा कमी भरतं आणि घनता फुगते. त्यापेक्षा मोठं नुकसान असं, की शोधूनही काहीच सापडलं नाही अशी कडेची जागा हिशेबातून गळते. रिकामी जागा हीसुद्धा माहितीच असते.

पहिल्या महिन्यात तिने नुसती घनता बघावी: कुठे झाडं दाट, कुठे विरळ, आणि त्याचा उताराशी काही संबंध लागतो का. दुसऱ्या महिन्यात रिप्ली यांचं के-फंक्शन. एका सरासरी झाडापासून अमुक अंतराच्या आत आणखी किती झाडं आहेत, ती संख्या सरासरी घनतेने भागली की हे फंक्शन मिळतं. ठिपके पूर्ण यादृच्छिक, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडलेले असतील, तर त्याची किंमत त्या त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाइतकी येते. कडेच्या झाडांचे शेजारी सीमेबाहेर राहतात आणि मोजले जात नाहीत, म्हणून एज करेक्शन लागतं. आलेख फार लांबच्या अंतरापर्यंत ताणू नये. विंडोच्या आखूड बाजूच्या चौथ्या हिश्श्यावर थांबायचा प्रघात आहे, म्हणजे इथे 125 मीटर.

मग येतं सिम्युलेशन. संगणकाकडून यादृच्छिक ठिपक्यांची 39 चित्रं काढून घेतली आणि त्यांच्या सगळ्यात वरच्या व खालच्या रेषांचा पट्टा आखला, तर आधीच ठरवलेल्या एका अंतरासाठी चुकीचा इशारा मिळण्याची शक्यता 40 पैकी 2, म्हणजे 5 टक्के असते. पण विद्यार्थी 0 ते 125 मीटरवर नजर फिरवतात आणि जिथे रेषा पट्ट्याबाहेर गेली तिथे बोट ठेवतात. मग ते 5 टक्के उरत नाहीत, चुकीची शक्यता कितीतरी वाढते. सगळ्या अंतरांना एकत्र लागू पडणारा ‘ग्लोबल’ पट्टा वेगळ्या रीतीने काढतात. हा फरक तिने तुम्हाला, संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसाला, दहा मिनिटांत समजावून सांगावा. या कसोटीला मी परीक्षेतल्या गुणांपेक्षा जास्त वजन देतो.

तिसऱ्या महिन्यात मॉडेल. इथे तिला एक सुखद धक्का बसेल. बर्मन आणि टर्नर यांनी 1992 मध्ये दाखवलं, की रिकाम्या जागांवर काही डमी बिंदू पेरून त्यांना योग्य भार दिला, तर हे मॉडेल पॉयसन रिग्रेशनच्या, म्हणजे मोजून आलेल्या संख्यांसाठीच्या मॉडेलच्या, नेहमीच्या यंत्रणेत बसवता येतं. म्हणजे वर्गात शिकलेलंच इथे उपयोगी पडतं. मग खरी अडचण समोर येते. झाडं उतारामुळे एकत्र आली, की बी आईच्या झाडाजवळच पडल्यामुळे? एकाच वेळच्या नकाशावरून ही दोन कारणं पूर्णपणे वेगळी करता येत नाहीत. उतार मॉडेलमध्ये घेतल्यावरही घोळके उरले, तर बी जवळ पडणं हे एक संभाव्य कारण म्हणता येतं, सिद्ध झालं म्हणता येत नाही. अहवालात हे वाक्य तिने आपणहून लिहिलं, तर मुलगी या वाटेची आहे असं खुशाल समजा. चकचकीत रंगीत नकाशे काढून ती थांबली आणि हा प्रश्न तिला छळतच नसेल, तर डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी तिला जास्त मानवेल. त्यात कमीपणा मुळीच नाही.

गणित किती खोल लागतं? स्ट्रॉस यांनी 1975 मध्ये घोळक्यांसाठी एक मॉडेल मांडलं. पुढच्याच वर्षी केली आणि रिप्ली यांनी दाखवून दिलं, की ठिपके एकमेकांना ओढत असतील तर ते मॉडेल अस्तित्वातच राहत नाही, कारण एकूण शक्यतेची बेरीज अनंताकडे जाते. ते उपयोगी पडतं ठिपके एकमेकांना दूर ठेवतात तेव्हा. नुसतं सूत्र लिहून भागत नाही, हे ओळखायला मेझर थिअरीवर आधारलेली प्रॉबॅबिलिटी, म्हणजे संभाव्यतेचं काटेकोर गणित, लागते. तो पेपर ऐच्छिक असेल तर तिने तो सोडू नये.

आता खर्च. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली, तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, नियमानुसार घरभाडं वेगळं. 2023 पासून हे दर आहेत. म्हणजे घरून पैसे घालायची वेळ सहसा येत नाही. संख्याशास्त्राच्या मुलांना या परीक्षेत गणित वरचढ वाटतं, पण जड गुणांच्या ‘सी’ भागात 60 पैकी 20 च प्रश्न सोडवायचे असतात, आणि त्यात संख्याशास्त्राचे भरपूर असतात. भारतीय सांख्यिकी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, गेटमध्येही संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर आहे. तिन्ही द्याव्यात. परदेशी जायचं असेल, तर डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग विद्यापीठात या विषयाचा भक्कम गट आहे, आणि त्या देशात पीएच.डी. म्हणजे साधारण तीन वर्षांची पगारी नोकरी असते. इंग्लंडमधलं लँकेस्टर आणि ऑस्ट्रेलियातलं पर्थ हीसुद्धा या विषयाची जुनी ठिकाणं.

माझ्या मते विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइडची निवड जास्त महत्त्वाची आहे. गाइडचे गेल्या पाच वर्षांतले निबंध तिने काढावेत. त्यात खरी माहिती वापरली आहे का? संगणकाचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला आहे का? विद्यार्थ्यांची नावं पहिल्या जागी आहेत का? आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत? नवीन पद्धत सुचवून फक्त बनावट माहितीवर चालवून दाखवणारे निबंध ढिगाने निघतात. त्यांच्या जोरावर पदवी मिळते, काम मिळवणं अवघड जातं.

पोटापाण्याबद्दल स्पष्ट सांगतो. ‘पॉइंट पॅटर्नचा तज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात क्वचितच निघते. काम मिळतं ते जोडीच्या विषयामुळे: साथरोगशास्त्र, परिसंस्थाशास्त्र, भूकंपशास्त्र, खनिजशोध, मोबाइल टॉवरचं जाळं. कर्करोगाच्या गाठीतल्या पेशींच्या जागा टिपणारं नवं इमेजिंग आल्यापासून वैद्यकीय संशोधनातही ही पद्धत लागते. म्हणून पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत तिने यातला एक विषय धरावा आणि त्या क्षेत्रातल्या माणसांसोबत एक तरी निबंध लिहावा. आर येईलच, जोडीला सी++ शिकावं, कारण मोठ्या माहितीवर सिम्युलेशन नुसत्या आरमध्ये रखडतं.

तुमच्या कराडला कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचंच बघा. 1962 मध्ये धरणात पाणी भरायला लागल्यापासून त्या पट्ट्यात धक्के जाणवू लागले, 11 डिसेंबर 1967 चा मोठा भूकंप तर सर्वांना माहीत आहे. एका धक्क्यातून पुढचे धक्के उपजतात, हे मांडणारं मॉडेल जपानच्या ओगाता यांनी 1988 मध्ये दिलं, आणि ते पॉइंट प्रोसेसच, म्हणजे ठिपके कसे पडतात याचं गणिती मॉडेलच, आहे. विषय हातचा वाटतो, पण तिथे एक सापळा आहे. सुरुवातीच्या वर्षांत नोंदणीयंत्रं कमी होती, म्हणून त्या काळातले लहान धक्के यादीतून सुटलेले असतात. ते न पाहता आलेख काढला, तर धक्के वर्षागणिक वाढल्याचा भास होतो. कोणत्या तीव्रतेच्या वरची यादी पूर्ण आहे, हे आधी ठरवून त्याखालचे धक्के बाजूला ठेवावे लागतात.

शिवाय जीपीएसच्या स्थानिक नोंदी घेणार असेल, तर अक्षांश-रेखांशावर थेट अंतर मोजू नये. कराडच्या आसपास एक अंश अक्षांश सुमारे 111 किलोमीटरचा, तर एक अंश रेखांश 106 च्या आसपास, त्यामुळे वर्तुळाची लंबवर्तुळं होतात. नोंदी आधी यूटीएम या पट्ट्यापट्ट्यांच्या नकाशापद्धतीत, झोन 43 मध्ये, मीटरमध्ये आणाव्यात. नागपूरकडची माहिती असेल तर झोन 44. नोंदी तीनच दशांश स्थळांपर्यंत असतील, तर 100-110 मीटरच्या आतले ठिपके एकाच जागी येऊन बसतात आणि खोटा घोळका तयार होतो. असे दुहेरी ठिपके कुठून आले, ते माहिती गोळा करणाऱ्यालाच विचारावं, गुपचूप पुसून टाकू नयेत.

तीन महिन्यांची ही कसोटी आणि नेटचा अभ्यास एका वेळी चालू शकतो. शेवटी तिच्याकडे आठ-दहा पानांचा अहवाल आणि चालणारा कोड असेल. गाइडना पत्र पाठवताना तोच सोबत जोडावा, आणि त्यातल्या पहिल्या पानावर विंडो कोणती घेतली आणि का, तेवढंच असावं.