‘हे तुमचं संगीत नव्हे’: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय रॉक वादकांवरचा लेख गेल्या अंकात आला आणि त्यावर बरीच पत्रं आली. रंगावरून माणसाची आवड ठरवणारे हे लोक कोण, आणि त्यांना उत्तर काय द्यायचं, हा बहुतेकांचा सूर होता. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

रॉक आणि कंट्री ‘गोऱ्यांचं’, ब्लूज आणि रॅप ‘काळ्यांचं’ ही वाटणी आपोआप झाली की कुणी केली?

तबकड्या काढणाऱ्या कंपन्यांनी केली. तिचा माग थेट कॅटलॉगच्या आकड्यांपर्यंत काढता येतो. १९२० च्या ऑगस्टमध्ये ओके या कंपनीनं न्यूयॉर्कमध्ये मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. तबकडी प्रचंड खपली आणि कृष्णवर्णीय गिऱ्हाईकही पैसे मोजून तबकड्या घेतं, हे कंपन्यांना उमगलं. ओकेनं पुढच्याच वर्षी या गिऱ्हाइकासाठी ८००० पासून वेगळी मालिका सुरू केली. असल्या मालिकांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. कोलंबियानं तर शेजारीशेजारी दोन खणच केले: १४०००-डी मध्ये कृष्णवर्णीय कलाकार आणि १५०००-डी मध्ये दक्षिणेतले गोरे ग्रामीण वादक. या दुसऱ्या खणातल्या संगीताला आधी ‘हिलबिली’ (डोंगरी, गावंढळ) आणि मग ‘कंट्री’ हे नाव चिकटलं.

गावात मात्र दोन्ही रंगांचे वादक एकाच नाचाला त्याच चाली वाजवत होते. फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि बँजो या तारवाद्यांवर नाचाच्या चाली वाजवणारे कृष्णवर्णीय वादक दक्षिणेत भरपूर होते. पण ते ध्वनिमुद्रणाला आले की त्यांच्याकडे ब्लूज मागितले जात, कारण त्यांच्या खणात तेच विकायचं होतं. त्यामुळे त्यांच्या फिडलच्या चाली तबकड्यांवर फारच थोड्या उतरल्या. पुढच्या पिढीनं तबकड्या तपासल्या आणि म्हटलं, ‘बघा, हे लोक फिडल वाजवतच नव्हते.’ पुरावाच आधी गाळलेला होता. या सगळ्या इतिहासात आम्हाला हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते.

आणखी एक दाखला. कंट्रीचे आद्यपुरुष मानले जाणारे गोरे गायक जिमी रॉजर्स यांनी १९३० च्या जुलैमध्ये एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. त्यात ट्रम्पेट लुई आर्मस्ट्राँग यांचा आहे आणि पियानो लिल हार्डिन आर्मस्ट्राँग यांचा. तबकडीच्या लेबलवर या दोघा कृष्णवर्णीय वादकांचं नाव नव्हतं.

पुढे ‘बिलबोर्ड’ या संगीत साप्ताहिकानं १९४९ च्या जूनमध्ये गाण्यांच्या यादीवरून ‘रेस’ हा शब्द काढून ‘रिदम अँड ब्लूज’ लिहिलं. नाव सभ्य झालं, खण तसाच राहिला. रेडिओ स्टेशनांनी तीच वाटणी उचलली. १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालेल्या एमटीव्ही या संगीत वाहिनीनं ‘आम्ही रॉक दाखवतो’ असं म्हणत कृष्णवर्णीय कलाकारांना जवळपास बाहेरच ठेवलं. १९८३ मध्ये ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवी यांनी त्याच वाहिनीवरच्या मुलाखतीत याचा जाब विचारला होता. डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय हॅकनी भावांचा ‘डेथ’ हा बँड पंक या वेगवान, आक्रमक रॉकचा बोलबाला होण्याआधीच तसलं संगीत वाजवत होता. १९७५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या गाण्यांचा अल्बम निघाला तो २००९ मध्ये.

आम्ही अमेरिकेत राहतो. मुलीची हायस्कूलमधली कृष्णवर्णीय मैत्रीण हेवी मेटल ऐकते. तिच्याच समाजातली मुलं तिला ‘ओरिओ’ म्हणतात आणि गोरी मुलं तिचा बँडचा टी-शर्ट बघून ‘यांची तीन गाणी सांग’ म्हणतात. ती आमच्याकडे येते तेव्हा मी तिच्याशी काय बोलावं?

ओरिओ म्हणजे बाहेरून काळं आणि आतून पांढरं बिस्किट. ‘तू आतून गोरी झालीस’ असा तो टोमणा आहे. दोन्ही बाजूंचा त्रास सारखा दिसला तरी त्याची मुळं वेगळी आहेत, म्हणून उत्तरंही वेगळी द्यावी लागतात.

‘ओरिओ’मागे दुरावण्याची भीती असते. सिग्निथिया फोर्डहॅम आणि जॉन ओग्बू यांनी १९८६ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका हायस्कूलचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांनी ‘गोऱ्यासारखं वागणं’ म्हणून जे जे सांगितलं त्यात प्रमाण इंग्रजी बोलणं आणि ग्रंथालयात अभ्यास करत बसणं होतं. गोऱ्यांचं संगीत आणि गोऱ्यांची रेडिओ स्टेशनं ऐकणंही होतं. अभ्यासाच्या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला, पण ही यादी मुलांच्या तोंडची आहे. ज्या समाजाला बाहेरून सतत कमी लेखलं गेलं, त्यातली मुलं ‘ही आपल्याला सोडून चालली’ या शंकेनं लवकर दुखावतात. म्हणून तिथे इतिहासाचं व्याख्यान चालत नाही. ‘गाणं बदललंय, मी नाही’ एवढं एकच वाक्य, तेही न चिडता. आणि त्यांच्याबरोबरचं जेवण, खेळ, चर्चमधली गायनाची तालीम सोडायची नाही. ती सुटली की टोमणा खरा ठरल्यासारखा होतो आणि मुलगी दोन्हीकडून एकटी पडते.

‘तीन गाणी सांग’ ही मात्र दारावरची झडती आहे. गोऱ्या मुलाला टी-शर्टावरून ती क्वचितच द्यावी लागते. तिनं पहिल्यांदा तीन गाणी सांगितली तर पुढच्या वेळी पाच मागतील. ‘तुला कुठलं आवडतं?’ असा उलट प्रश्न टाकावा. खरा चाहता लगेच बोलू लागतो आणि झडती घेणारा गप्प होतो.

तुम्ही स्वतः ‘तू असलं ऐकत असशील असं वाटलं नव्हतं’ हे वाक्य टाळा. कौतुकानं म्हटलं तरी तिच्या कानाला ते तसंच बोचतं. कुठला अल्बम, कुठला गिटारवादक, ड्रम्स कुणाचे, हे विचारा. आणि तिनं पाठ करावी म्हणून कृष्णवर्णीय रॉकवाल्यांची यादी हातात देऊ नका. बॅड ब्रेन्स, फिशबोन, लिव्हिंग कलर ही नावं तिला आनंदासाठी कळावीत. आवडीला वंशावळीचा दाखला लागत नाही.

मुली कार्यक्रमाला जाणार असतील तर तिला एकटी पाठवू नका, तिघीचौघी जाऊ द्या. उभं राहायची उत्तम जागा म्हणजे ध्वनियंत्रणेचं टेबल. तिथे आवाज सगळ्यात संतुलित असतो आणि कर्मचारी कायम हजर असतात, त्यामुळे कुणी वेडंवाकडं बोललं तर लगेच सांगता येतं. स्टेजसमोर धक्काबुक्कीचा गोल पडतो, त्याच्या कडेला पाठ करून कधीच उभं राहायचं नाही. आवाज सहज १०० डेसिबलपर्यंत जातो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेसाठी नायोश या संस्थेनं सुचवलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. कानात घालायचे फोमचे बोळे वापरताना आधी ते वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद दाबून धरायचा. बहुतेक जण तो अर्धाच घालतात आणि मग ‘याचा काही उपयोग नाही’ म्हणतात. बाहेर भेटायची जागा आणि घरी न्यायला कोण येणार, हे आत शिरण्याआधीच ठरलेलं हवं.

आपल्यासारखे आणखी आहेत हे दिसणं फार मोठा आधार असतो. न्यूयॉर्कमध्ये १९८५ पासून ब्लॅक रॉक कोअलिशन ही कृष्णवर्णीय रॉक कलाकारांची संघटना आहे आणि ब्रुकलिनमध्ये २००५ मध्ये अफ्रोपंक महोत्सव सुरू झाला. तिला हे नक्की सांगा.

माझ्या अमेरिकी सहकाऱ्याला बँजो शिकायचाय. तो कृष्णवर्णीय आहे. घरचे म्हणतात, ‘ते गुलामीच्या काळातलं सोंगाचं वाद्य.’ ब्लूग्रासच्या (बँजो-फिडलवर चालणाऱ्या वेगवान कंट्रीच्या) बैठकीत सगळे टकमक बघतात. त्यानं सुरुवात कशी करावी?

घरच्यांचं म्हणणं खोटं नाही. बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी घडवला. भोपळ्यावर कातडं ताणायचं आणि त्यातून दांडी आरपार काढायची. १८४० च्या दशकात गोऱ्या नटांनी जळक्या बुचानं तोंड काळं करून त्याच वाद्यावर कृष्णवर्णीयांची टिंगल केली आणि ती गावोगाव चालली. ज्या वाद्यावर आपली नक्कल झाली ते अनेकांनी पुढे खाली ठेवलं असेल तर नवल नाही. १९४५ नंतर अर्ल स्क्रग्ज यांची तीन बोटांची शैली गाजली आणि बँजो म्हणजे गोरे डोंगरी लोक, हे चित्र पक्कं झालं.

म्हणून त्यानं ब्लूग्रासपासून नव्हे, जुन्या ‘क्लॉहॅमर’ पद्धतीपासून सुरुवात करावी. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं आकोंटिंग हे तीन तारांचं वाद्य आहे. त्याच्यावरचा ओतेक हा आघात आणि क्लॉहॅमर यांची हाताची ठेवण जवळजवळ एकच आहे: नख तारेवर खाली उतरतं आणि अंगठा आखूड तार वाजवतो.

पाच तारांचा, मागून उघडा बँजो घ्यावा. तो हलका असतो, आवाज मऊ येतो. आखूड पाचव्या तारेची खुंटी दांडीवर पाचव्या पडद्यापाशी असते. सूर पाचव्या तारेपासून पहिलीकडे जी-डी-जी-बी-डी असे लावायचे. उजव्या हाताचा पंजा सैल, बोटं अर्धी मिटलेली. मधल्या किंवा पहिल्या बोटाच्या नखानं एक तार खालच्या दिशेनं ठोकायची, मग त्याच नखानं दोन-तीन तारांवरून झपकन खाली जायचं आणि हात खाली येताना पाचव्या तारेवर टेकलेला अंगठा उचलून ती वाजवायची. पहिला ठोका लांब, पुढचे दोन त्याच्या निम्मे. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, रोज दहा मिनिटं, पहिला आठवडाभर डावा हात न वापरता.

चुकतं ते बहुधा तीन ठिकाणी. गिटारच्या सवयीनं बोट तार वर ओढतं; ते फक्त खालीच जायला हवं. बोट एकटंच हलतं. हालचाल मनगटातून यायला हवी, बोट जागच्या जागी राहतं. आणि अंगठा हवेत राहतो, त्यामुळे पाचवी तार उशिरा वाजते आणि ठेका लंगडतो. नख दोनेक मिलिमीटर पुरे. जास्त झालं की तारेत अडकतं.

टकमक बघणाऱ्यांच्या बैठकीत त्यानं चार-पाच चाली नीट बसल्यावरच जावं. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या बून इथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचा मेळावा झाला. त्यातून पुढे आलेले कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हे जो थॉम्पसन या वयोवृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकापाशी बसून शिकले. त्यांची ध्वनिमुद्रणं शिकणाऱ्याला फार उपयोगी आहेत, कारण त्यात आघात स्वच्छ ऐकू येतो.

कुठलं गाणं कंट्री आणि कुठलं नाही, हे ठरवतं कोण?

चार्ट बनवणारे आणि रेडिओवाले. २०१९ च्या मार्चमध्ये लिल नास एक्स या कृष्णवर्णीय रॅपरचं ‘ओल्ड टाउन रोड’ बिलबोर्डच्या कंट्री यादीत आलं आणि ‘आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक नाहीत’ म्हणून काढून टाकण्यात आलं. मग बिली रे सायरस या गोऱ्या कंट्री गायकाला घेऊन नवी आवृत्ती निघाली आणि गाणं मुख्य यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. कंट्रीमध्ये ट्रॅप या रॅपच्या प्रकाराचा ठेका आणि रॅपचा ढंग गोरे गायकही वापरत होते, म्हणूनच या निर्णयाचा एवढा राग आला. आमच्या मते तो राग रास्त होता.

हा खेळ जुना आहे. १९६६ मध्ये कृष्णवर्णीय कंट्री गायक चार्ली प्राइड यांच्या पहिल्या तबकड्या रेडिओ स्टेशनांना छायाचित्राशिवाय पाठवल्या गेल्या. आवाज आधी आवडला, रंग नंतर कळला. १९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला. बियॉन्से २०२४ मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्या; तिथवर पोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. त्याच वर्षी या असोसिएशननं त्यांना एकही नामांकन दिलं नाही आणि पुढच्या फेब्रुवारीत ग्रॅमीनं त्यांच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम ठरवलं.

शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतातही हे आहे का?

आहे, आणि तिथे ते रस्त्यापर्यंत येतं. कृष्णवर्णीय पत्रकार ब्रेंट स्टेपल्स यांनी १९८६ मध्ये लिहिलंय की रात्री फुटपाथवर ते दिसले की गोरे पादचारी बिचकत. म्हणून ते चालताना बीथोवन आणि विवाल्डीच्या चाली शिटीवर वाजवू लागले, आणि लोकांच्या अंगातला ताण उतरू लागला. वाद्यवृंदात निवडीच्या वेळी उमेदवार पडद्याआड बसतो आणि चपलांचा आवाज कळू नये म्हणून गालिचा अंथरतात. पण अनेक ठिकाणी शेवटच्या फेरीत पडदा काढतात, आणि खरी निवड तिथेच होते.

माझा मुलगा तिकडे रॅप म्हणतो. त्यातला ‘तो’ शब्द त्यानं म्हणावा का? मित्र म्हणतात, ‘गाण्यातच तर आहे.’

म्हणू नये. तो शब्द म्हणजे इंग्रजीतला ‘एन-वर्ड’, कृष्णवर्णीयांना हिणवणारी जुनी शिवी. गाणं मोठ्यानं म्हणताना तेवढी जागा कोरी सोडायची, ठेका मनात धरायचा आणि पुढच्या शब्दाला परत यायचं. दोन-तीनदा सराव केला की जीभ आपोआप थांबते. २०१८ मध्ये अलाबामातल्या एका महोत्सवात कृष्णवर्णीय रॅपर केंड्रिक लमार यांनी एका गोऱ्या चाहतीला गायला मंचावर बोलावलं. तिनं तो शब्द म्हटला आणि त्यांनी तिथेच गाणं थांबवलं. भारतीय मुलांनाही हीच मर्यादा आहे. आपण गोरे नाही, एवढ्यानं सूट मिळत नाही. आवडीवर मात्र कसलीही बंदी नाही. त्यानं यमकं मोजावीत, एका दमात किती ओळी येतात ते बघावं, स्वतःच्या शब्दांत लिहावं. उसना उच्चार आणि उसना हेल घेतला की ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं, म्हणून घरी बोलतो त्याच आवाजात त्यानं म्हणावं.